कठडा वजा जाता

साळवे, तुमच्या जलदानविधीला पाणी टँकरनं आणलं होतं.

हे कळवायला बसलोय म्हटलं तर तुम्ही म्हणाल, "साहेब, मला काय कळायचं ऱ्हायलंय आता?" तुमचं संपलं. माझं राहिलंय. परवा मांडवात मला बोलायला उभं केलं. मी माईकवर दोनदा टिचकी मारली, "साळवे हे अत्यंत प्रामाणिक कर्मचारी होते" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, साहेबांना गहिवरून आलं. गहिवर कसला! पुढचं वाक्य "आणि त्यांना मी खोटं पाडलं" असं होतं, आणि समोर पहिल्या खुर्चीत बापू बसला होता. मांडीवर दोन मोबाईल, अंगात कडक इस्त्री.

बापू कोण हे तुम्हाला सांगायला नको, वाचणाऱ्यांना सांगतो. बापू म्हणजे आमदारांचा पीए. आमदार तीनदा पडले, दोनदा त्यांनी पक्ष बदलला, पण बापू आहे तिथंच आहे. माझ्यानंतर तोच बोलला. "साळवेमामा म्हंजी पान्याचा मानूस," म्हणाला. मग खिशातून चिठ्ठी काढून जाहीर केलं की आमदारसाहेबांनी तुमच्या स्मरणार्थ वस्तीला रोजची एक जादा खेप मंजूर करून आणली आहे. टाळ्या पडल्या. तुमच्या मरणानं वस्तीला एक टँकर वाढला, साळवे. जिवंतपणी तुमच्या हातून एवढं काम झालं नव्हतं.

बौद्धाचार्यांनी गाथा सुरू केली तसा तुमच्या मुलानं, बबननं तांब्या उचलला. वाटी भरून पाणी खालच्या ताटात सांडेपर्यंत धार धरायची असते ना? त्यानं ती इतकी बारीक धरली की गाथा संपत आली तरी वाटी भरेना. बौद्धाचार्यांनी म्हणता म्हणताच त्याला हातानं खुणावलं, सोड, सोड अजून. पोरगं सोडेना. सवय लागलेली.

आणि मी काय केलं? मला कोणीतरी ग्लासभर पाणी आणून दिलं. मी अर्धं प्यालो आणि उरलेलं, ऑफिसात खिडकीतून फेकायचो तसं, मागं मातीत फेकलं. एक म्हातारी नुसती बघत राहिली. मातीकडे बघत होती.

तुम्ही असतात तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं असतंत.

आपल्या ऑफिसचं काम सांगायला गेलं तर लोकांना हसू येतं. आपण विहिरी मोजायचो. ठरलेल्या गावांत ठरलेल्या विहिरी, वर्षातून चार वेळा. टेप सोडायचा, खाली डुबुक आवाज आला की आकडा वाचायचा. त्या आकड्यांवरून ठरायचं की या भागात जमिनीखालचं पाणी पुरेसं आहे का उपसा जास्त झालाय. जास्त झाला असेल तर नव्या विहिरी, नवे बोअर बंद. त्यात कोणाचं काही चालायचं नाही. आमदाराचं नाही, मंत्र्याचं नाही. कागदावर आपण अगदी स्वतंत्र होतो, साळवे. कोणाचाही फोन आला तर स्वतंत्रपणे 'हो' म्हणायचो.

मी नवा रुजू झालो तेव्हा माझ्या डोळ्यांवर नवा गॉगल होता आणि डोक्यात नवी एमएस्सी. तुम्ही माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, मोजणी सहायक, अंगात धुऊन विटलेला निळा शर्ट. पहिल्याच फेरीत मी हुकूम सोडला, "साळवे, तुम्ही फक्त टेप सोडा. वही माझ्याकडे." तिसऱ्या विहिरीवर तुम्ही म्हणालात, "साहेब, त्ये कठडा..." मी म्हणालो, "मला शिकवू नका." तुम्ही टेप गुंडाळलात. आठव्या विहिरीवर परत, "साहेब, कठड्याचं तेवढं..." मी म्हणालो, "साळवे, एमएस्सी कोणी केलीय?"

अकरावी विहीर तुमच्या गावची. गावविहीर. मी सिनेमातल्यासारखा एक पाय कठड्यावर ठेवून वाकलो आणि गॉगल गेला. डुबुक. टेपच्या डुबुकपेक्षा बारीक आवाज. तुमच्या गावची चार पोरं, दोन बाया आणि एक म्हैस हे बघत होती. म्हशीचं मला तितकंसं काही वाटलं नाही.

तुम्ही हसला नाहीत. नम्रपणे म्हणालात, "साहेब, शेऱ्याचा रकाना तेवढा मी भरू का?" मला वाटलं, याला निदान तेवढा मान देऊ. वही दिली. तुम्ही तुमच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंत, "साहेबांचा गॉगल विहिरीत पडला." मी वाचलंही नाही. खाली झोकात सही केली. आपल्या टायपिस्टनं प्रामाणिकपणे टाईप केलं आणि तो शेरा वरच्या ऑफिसात गेला. तिथून पत्र आलं, सदर गॉगल शासकीय मालमत्ता आहे काय, याचा खुलासा करावा.

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. लग्नात, निरोप समारंभात, दाढी करताना. लोक पोट धरून हसायचे. पण गोष्टीचा उरलेला अर्धा भाग गॉगलसारखा तळाशी राहायचा. टेप कठड्याच्या वरच्या कडेपासून सोडतात. म्हणजे जो आकडा येतो त्यातून कठड्याची उंची वजा करावी लागते, नाहीतर पाणी आहे त्यापेक्षा तीन फूट खोल दिसतं. पोरासोरांना कळणारी गोष्ट. एमएस्सीला कळली नव्हती. अकराच्या अकरा विहिरींत मी कठडा वजाच केला नव्हता.

पुढच्या फेरीत तुम्ही सावकाश सांगितलंत. म्हणालात, "पत्र लिहून दुरुस्ती करू, साहेब. एका फेरीचंच हाय." मी म्हणालो, "जाऊ द्या हो. तीन फुटांनी कोणाचं काय अडतंय."

आठवतंय?

नंतर मात्र आपलं जमलं. तुम्ही मोजायचे, मी सही करायचो, आणि वाटेत नेवाशाच्या स्टँडवर भजी खायचो. भज्यांवरून आपलं एकदाही एकमत झालं नाही, तुम्हाला मिरचीची, मला कांद्याची. तुमच्या गावच्या विहिरीवर आलं की तुम्ही टेप सोडण्याआधी कठड्यावर बसायचे. दोन मिनिटं नुसते बसायचे. एकदा मी घाई केली तेव्हा म्हणालात, "साहेब, माझ्या आज्याला ह्या कठड्याला शिवू देत नव्हते. वरून कुनी वतलं तर ओंजळीत. छपनला दीक्षा घेतली तवाबी न्हाई शिवू दिलं, लई वर्सं. आन आज मी कठड्यावर बसून सरकारला सांगतोय, ह्या इहिरीत पानी किती हाय." मी ऐकलं आणि घड्याळ बघितलं. बघितलंच.

तुमच्या विहिरीचं पाणी दरवर्षी खाली जात होतं. तुमचे आकडे सरळ होते. बंदी लागली. नवे बोअर नाहीत, नव्या विहिरी नाहीत. वरच्या अंगाला बापूच्या पाहुण्यांनी डाळिंबासाठी जमीन घेऊन ठेवली होती. आपण हिवरे बाजारला पाहुणे घेऊन जायचो तेव्हा बापूही बसमध्ये असायचा. तिथली बोअरबंदी बघून माना डोलवायचा. "आपल्याकडं बी पायजे राव असं काहीतरी," म्हणायचा. उतरताना हळूच, "आपल्या बागा झाल्यावर."

एक दिवस त्यानं मला विश्रामगृहावर बोलावलं. चहा, बिस्किटं, एसी. मी दबावाखाली चांगला गप्पा मारतो, हा माझा जुना रोग. बापूनं काही म्हणायच्या आधीच मी गॉगलची गोष्ट सुरू केली. तो हसला. हसतोय म्हणून मला चेव चढला. मी जन्मात पहिल्यांदा उरलेली अर्धी गोष्टही सांगितली. कठडा, अकरा विहिरी, एमएस्सी. आणि बापू हसायचा थांबला.

"कठडा वजाच न्हाई केला?"

"नाही ना! म्हणजे गंमत बघा..."

"म्हंजी पानी हाय त्यापेक्षा खाली दिसलं."

"एका फेरीत फक्त. बापू, त्याला झाली वीस वर्षं."

"कागदावर हाय का ह्ये?"

मी बिस्कीट चहात बुडवून धरलं होतं. ते गळून पडलं.

"साहेब," बापू प्रेमानं म्हणाला, "आकडा बदला असं कोन म्हनतंय? आकडा म्हंजी देव. आमी फक्त म्हनतो, ज्या इहिरीच्या नोंदीवर भरवसाच न्हाई, ती यादीत कशाला? तलावाखाली सरपंचाची इहीर हाय की. बारमाही. ती मोजा. खरी मोजा! कठडा वजा करून मोजा."

मी म्हणालो, असं करता येत नाही, आमचं ऑफिस स्वायत्त आहे. हा शब्द मी खरंच वापरला, साळवे. बापूनं तो तोंडात घोळवला. "स्वायत्त. व्हय. आन उन्हाळ्यात टँकर मंजूर करायला पानी खाली दाखवा म्हनून मीच फोन करतो, तवा नसता व्हय स्वायत्त?" मग त्यानं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "पोरगी बारावीला हाय न्हवं? सायन्स? मधीच बदली झाली म्हंजी लई हाल व्हत्यात पोरांचे."

मी चहात पडलेलं बिस्कीट चमच्यानं काढायला लागलो.

"टेप कोन सोडतं?" त्यानं विचारलं.

टेप कोण सोडतं! बघा प्रश्न. वही कोणाकडे होती, असं नाही विचारलं. सही कोणाची, असं नाही.

"साळवे," मी म्हणालो.

यात खोटं काय होतं सांगा. टेप तुम्हीच सोडायचे. आयुष्यभर मी माझ्या फजितीच्या गोष्टी सांगून लोकांना हसवलं, ती एकच तुमच्या नावावर करून टाकली. एका शब्दात. आणि तीच सरकारदरबारी खरी धरली गेली.

नोटीस मी स्वतः तयार केली. मसुदा चांगला उतरला होता, वरून कौतुक झालं. "आपण मोजणी करताना कठड्याची उंची विचारात घेण्याचे विसरलात, सबब आपल्या सर्व नोंदी अविश्वसनीय ठरतात." कठडा विसरलात, असं मी तुम्हाला लिहून दिलं, साळवे. तुम्हाला. कठडा.

तुम्ही टेबलासमोर उभं राहून वाचलंत. दोनदा वाचलंत. कागदाची चौघडी करून वरच्या खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "च्या सांगू का साहेब?"

मी म्हणालो, सांगा. आणि प्यालोसुद्धा.

तुमचा खुलासा आला एका ओळीचा. "विहीर यादीतून काढू नये, ही विनंती." स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मी त्यावर शेरा मारला, 'खुलासा असमाधानकारक.' तुम्हाला भांडारात बसवलं. रिटायर होईपर्यंत तुम्ही खोलीभर जुने टेप आणि गंजलेल्या पेट्या राखत बसलात. मी कॉरिडॉरमधून जाताना मुद्दाम फोनवर बोलत जायचो. पलीकडे बहुतेक वेळा कोणी नसायचं.

विहीर यादीतून गेली, सरपंचाची आली. तलावाखालची विहीर, तिला काय होतंय. बंदी उठली. कोणीही एक आकडा खोटा लिहिला नाही, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. महिन्याच्या आत दक्षिणेकडच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्या तुमच्या शिवारात धडधडायला लागल्या. डाळिंबं लागली. शेततळ्यांना निळा कागद लागला. लेक पास झाली. आता पुण्यात आहे, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत. तुमच्या गावविहिरीनं एक उन्हाळा काढला, दुसरा काढला, आणि मग तुमच्या वस्तीत हंड्यांची रांग लागली.

रिटायर झाल्यावर मी तुमच्याकडे आलो होतो, लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. शांतावहिनींनी चहा केला. पाण्याची अडचण होती तरी केला, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. मी म्हणालो, "साळवे, मनात ठेवू नका. कठड्याचं नसतं तर त्यांनी दुसरं काहीतरी निमित्त काढलं असतंच."

तुम्ही म्हणालात, "मग काढू द्यायचं हुतं. त्याला लागले असते चार म्हैने. चार म्हैन्यात आमदार बदलला असता."

"आणि तोही तसाच निघाला असता."

"त्याला बी लागले असते चार म्हैने." तुम्ही जरा हसलात. "साहेब, आपलं काम काय हुतं? उशीर करायचं. दुसरं काय हुतं आपल्या हातात? तुमी तर त्यास्नी रस्ता झाडून दिला."

मला राग आला. म्हणालो, तुम्हाला ऑफिस चालवायचं नव्हतं, तुम्हाला फक्त टेप सोडायचा होता. तुम्ही म्हणालात, "व्हय. ती इहीर परत यादीत घ्यायला लावा. बाकी काय न्हाई माझं." मी म्हणालो, आता मी कोण? रिटायर माणूस. तुम्ही म्हणालात, "सही हाय की तुमची. ती कुटं रिटायर झाली?"

मी पत्रिका ठेवून निघालो. लग्नाला तुम्ही आला नाहीत. मी वाट पाहिली नव्हती, असं इथं लिहिणार होतो. पाहिली होती.

मग एका दुपारी तुम्ही टँकरवरून हंडा आणलात, उतरवलात, भिंतीला टेकून बसलात आणि उठला नाहीत. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. डॉक्टरांच्या कागदावर शेऱ्याचा रकाना नसतो.

परवा मांडव मोकळा झाल्यावर वहिनी खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. "तुमचं हाय म्हनले हुते. साहेबाला द्या म्हनले."

वही होती. आपली फिल्डची वही, त्या पहिल्या फेरीची. अकरा विहिरी माझ्या अक्षरात, कठड्याचा रकाना कोरा, खाली झोकातली सही. आणि शेवटच्या ओळीपुढं मुंगीएवढ्या अक्षरात, "साहेबांचा गॉगल विहिरीत पडला."

फिल्डच्या वह्या तुम्हीच सांभाळायचे, म्हणजे नोटिशीच्या दिवशी हे तुमच्याकडे होतं. हा एक कागद टेबलावर टाकला असता तर भांडारात मी बसलो असतो. का नाही टाकलात? माझी दया आली? पोरीच्या बारावीचं कोणी सांगितलं तुम्हाला? का मी स्वतः कधी सांगतोय याची वाट बघत बसलात, तीही वर्षातून चार वेळा? बोला ना. हा काय चांगुलपणा झाला, साळवे? हा छळ झाला. जिवंत असताना शिवी दिली असतीत तर मी दोन दिवस जेवलो नसतो आणि विसरलो असतो. तुम्ही मला विसरण्याची सोयसुद्धा ठेवली नाहीत. आणि याबद्दल तुमचे आभार मानावेत असं आत कुठंतरी वाटतंय, त्याचा तर फारच संताप येतो.

मी पानं उलटली. मागच्या कोऱ्या पानांवर तुमच्या नोंदी होत्या. विहीर यादीतून काढल्यानंतरच्या. वर्षातून चार, एकही चुकलेली नाही. सरकारी टेप जमा केलेला, म्हणून गाठी मारलेल्या सुतळीनं मोजलेल्या. सुतळी वहीतच होती, टोकाला दगड. प्रत्येक ओळीत मोजमाप, मग 'कठडा वजा', मग पाणी. शेवटच्या काही ओळींत पाण्याच्या जागी 'कोरडी'. त्या ओळींतही कठडा वजा केलेला. कोरड्या विहिरीत, साळवे? कोणासाठी?

"निघालात कुटं?" वहिनींनी विचारलं. मी सुतळी घेऊन उठलो होतो.

"विहिरीवर."

"काय न्हाई आता तितं."

मी गेलो. कठड्यावर बसलो, दोन मिनिटं. मग सुतळी सोडली. डुबुक झालं नाही, ठक झालं. गाठी मोजल्या. चुकलो. परत मोजल्या. ऊन थेट तळाला गेलं होतं. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि कडेच्या एका भेगेत काहीतरी काळं चमकत होतं. एक काच आणि एक काडी.

मला हसू आलं, आणि मग ते थांबेना. एक बाई हंडा घेऊन चालली होती, ती लांबून वळून गेली.

ते जुनं पान मी काल वरच्या ऑफिसला पाठवलं. सोबत पत्र. मोजणी माझी, चूक माझी, सही माझी, साळवे यांच्यावरील ठपका खोटा, विहीर परत यादीत घ्यावी. पत्राची एक प्रत बापूलाही पाठवली. सकाळपासून त्याचे पाच फोन आले. मी उचलत नाहीये. उचलला तर मी गोष्ट सांगायला लागेन, मला माहीत आहे.

ऑफिस विहीर यादीत घेईल असं मला वाटत नाही. घेतली तरी तिच्यात मोजायला काही नाही. पण तुमच्या वहीतली पुढची ओळ कोरी होती, ती मी भरली.

मोजमाप: सुतळीच्या गाठींप्रमाणे, सोबत लिहिलं आहे.
कठडा: वजा केला.
पाणी: कोरडी.
वही कोणाकडे: माझ्याकडे.
शेरा: साहेबांचा गॉगल दिसतो आहे.